मुलीला गव्हर्नमेंट मेडिकल लागतंय, पण नवीन कॉलेज घ्यावं का, आणि ती तिथं टिकेल का?

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मुलगी ओबीसीतून आहे, दहावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत, अकरावी-बारावी लातूरला. नीटचा नंबर असा आलाय की पुण्या-मुंबईचं गव्हर्नमेंट कॉलेज लागायचं नाही, पण एखाद्या जिल्ह्याच्या नवीन गव्हर्नमेंट कॉलेजात जागा मिळेल. मग ते घ्यावं, की पुण्यात प्रायव्हेट, की अजून एक वर्ष रिपीट? आणि शेवटी तुम्ही विचारलंय की मराठी मीडियमची पोर आहे, होस्टेलला टिकेल का. मला वाटतं तुमचा खरा प्रश्न हा शेवटचाच आहे, बाकीचे त्याच्या पुढं लावलेत.

मी मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना शिकवतो, बावीस वर्षं झाली, चार जिल्ह्यांत बदल्या झाल्यात, आणि त्यातली नऊ-दहा वर्षं ॲडमिशनच्या दिवसांत कागद तपासायच्या टेबलावर बसलोय. उत्तर आधीच सांगून टाकतो, गव्हर्नमेंट मिळतंय तर घ्या. आता का ते सांगतो, लांबेल जरा.

पहिली गोष्ट, कोण काय करतं ते समजून घ्या, कारण निम्मी धावपळ चुकीच्या ऑफिसात होते. आपलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला, १९९८ पासून आहे, राज्यातली मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी अशी कॉलेजं त्याला जोडलेली. पण विद्यापीठ ॲडमिशन देत नाही! ते परीक्षा घेतं, निकाल लावतं, डिग्री देतं. ॲडमिशन राज्याच्या सीईटी सेलकडून होतं, ८५ टक्के जागा राज्याच्या कॅप राउंडमधून, म्हणजे मेरिटप्रमाणं एकत्र होणाऱ्या फेऱ्यांतून. उरलेल्या १५ टक्के ऑल इंडिया कोट्याच्या, त्या दिल्लीची एमसीसी, म्हणजे मेडिकल कौन्सेलिंग कमिटी भरते. दोन्हीकडं वेगवेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं. दरवर्षी एखादा बाप म्हणतो, सर नीटचा फॉर्म भरला होता ना, मग परत कशाला? नीट ही फक्त परीक्षा झाली. पुढचे फॉर्म तुम्ही भरल्याशिवाय तुमचं नाव कुठल्याच यादीत येत नाही.

मार्कांच्या कटऑफवर जाऊ नका. तुम्ही लिहिलंय की शेजारच्या मुलाला इतक्या मार्कांना अमुक कॉलेज लागलं होतं. २०२४ ला पैकीच्या पैकी, ७२० मिळवणारी पोरं होती, २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते. नुसतं क्वालिफाय व्हायला २०२४ ला ओपनला १६२ लागले, पुढच्या वर्षी १४४. पेपर अवघड गेला की सगळेच खाली येतात. म्हणून मागच्या वर्षाचे मार्क बघायचेच नाहीत, रँक बघायची, आणि राज्यासाठी तर स्टेट मेरिट लिस्टमधला नंबर. सीईटी सेल प्रत्येक राउंडची सिलेक्शन लिस्ट टाकते, त्यात कॉलेजवार, कॅटेगरीवार शेवटचा नंबर काय होता ते दिसतं. मागच्या दोन वर्षांच्या याद्या उघडा आणि एका वहीत लिहून काढा, दोन संध्याकाळी जातील. यासाठी कौन्सेलिंगवाल्या एजंटला पंधरा-वीस हजार देऊ नका, तो पण त्याच याद्या बघतो. एक जुनं लक्षात ठेवा, पूर्वी ७०:३० असा विभागवार कोटा होता, तो २०२० ला रद्द झाला, आता सगळं राज्य एका यादीत. त्यामुळं 'आपल्या मराठवाड्याच्या जागा' हे गणित कुणी सांगत असेल तर ते जुनं आहे.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमानं यादी, त्याबद्दल लोक जी चूक करतात ती अशी, की 'हे लागणार आहे' म्हणून तेच कॉलेज पहिल्या नंबरला टाकतात. भीती ही की वरचं मागितलं तर खालचं पण जाईल. तसं अजिबात नसतं. कॉम्प्युटर तुमच्या यादीत वरून खाली येतो, जिथं तुमच्या नंबरला जागा उरलीय तिथं थांबतो. वर दहा न मिळणारी कॉलेजं लिहिली म्हणून अकराव्याचा चान्स एका टक्क्यानं पण कमी होत नाही. तेव्हा हवं त्या क्रमानं लिहा, मिळेल त्या क्रमानं नको. आणि जिथं काही झालं तरी पाठवणार नाही ते लिहूच नका, कारण ते लागलं की मग घरात रडारड आणि नियम तुमच्या विरोधात. कुठल्या राउंडला सीट सोडता येते, कधी डिपॉझिट जप्त होतं, कधी पुढच्या राउंडमधून बाहेर काढतात, स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे 'हीच सीट ठेवतो' असा फॉर्म भरला की बेटरमेंट, म्हणजे पुढच्या राउंडला वरचं कॉलेज मिळणं, बंद होते, हे सगळं त्या त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत असतं आणि दरवर्षी काहीतरी हलतं. ती पुस्तिका प्रिंट काढून पेन घेऊन वाचा, मुलीनं एकदा, तुम्ही एकदा. ऑल इंडियाला पहिल्या राउंडला सीट सोडली तर चालतं, नंतर नंतर दोर आवळत जातो, एवढं डोक्यात ठेवा.

आता कागद. माझ्या टेबलावर मार्कांमुळं कुणी अडलेलं मी बघितलं नाही, मार्क आहेत म्हणूनच तर टेबलापर्यंत आला. अडतात ते कागदावर. एका वर्षीचं सांगतो, कॉलेज कुठलं ते जाऊ द्या. संध्याकाळचे साडेपाच झालेले, शेवटचा दिवस, एक मुलगा आणि त्याचे वडील, पायात चपला, हातात कापडी पिशवी, पिशवीत सगळे कागद प्लॅस्टिकमध्ये एकदम व्यवस्थित. जातीचा दाखला होता, नॉन-क्रिमी लेअर होतं, पण व्हॅलिडिटीच्या, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्राच्या जागी समितीकडं अर्ज केल्याची पावती. वडील म्हणाले, साहेब शाळेत सांगितलं होतं पावती चालते. त्या वर्षी मेडिकलला चालत नव्हती. मुलगा ओपनमध्ये धरला गेला, ओपनच्या नंबरला ते कॉलेज नव्हतं. वडील काही बोलले नाहीत, कागद एकेक करून परत प्लॅस्टिकमध्ये घातले. त्या मुलानं पुढच्या वर्षी परत नीट दिली आणि आला, पण ते एक वर्ष निव्वळ पावतीपायी गेलं.

तर तुमच्याकडं काय काय हवं ते सांगतो, ओबीसी म्हणून. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र म्हणजे व्हॅलिडिटी, कुठल्या वर्षीच्या मार्चपर्यंत चालतं ती तारीख बघून घेतलेलं नॉन-क्रिमी लेअर, डोमिसाइल, नॅशनॅलिटी, दहावी-बारावीच्या मार्कशीट, कॉलेजचा दाखला, नीटचं ॲडमिट कार्ड आणि स्कोर कार्ड, मेडिकल फिटनेस, आणि मध्ये गॅप असेल तर त्याचं ॲफिडेव्हिट. फोटो नीटच्या फॉर्मवर लावला तोच, वीस-पंचवीस प्रती काढून ठेवा. आणि ऑल इंडियासाठी ओबीसीचं सेंट्रल फॉरमॅटचं सर्टिफिकेट वेगळं लागतं, राज्याचं तिथं चालत नाही, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का हे पण आधी बघावं लागतं. जाता जाता मराठा पालकांसाठी सांगतो, एसईबीसी, म्हणजे राज्याचं मराठा आरक्षण, केंद्राला माहीतच नाही, तिथं तुम्ही ओपन, किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असाल तर ईडब्ल्यूएस.

मूळ कागद एकदा जमा केले की ते कॉलेजकडं राहतात, म्हणून द्यायच्या आधी सगळ्यांचे दोन-तीन अटेस्टेड सेट आणि स्कॅन. काही कॉलेजं अजून डीडीच मागतात, तेव्हा बँक उघडी असलेल्या दिवशी निघा, शनिवारी दुपारी नको. हसू नका, होतं असं.

पैशाचं. गव्हर्नमेंटची फी वर्षाला लाख-सव्वा-दीड लाखाच्या घरात जाते, पण जुलै २०२४ पासून ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसच्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कॅपमधून प्रायव्हेट घेतलं तरी ते लागू आहे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. म्हणजे तुमच्या बाबतीत प्रायव्हेटचा प्रश्न नुसता पैशाचा उरत नाही, ही चांगली गोष्ट. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर, फॉर्म मात्र दरवर्षी स्वतः भरायचा, आणि होस्टेलचा, मेसचा, पुस्तकांचा खर्च तुमचाच. मेस महिन्याला तीन-चार हजार धरा.

मग नवीन गव्हर्नमेंट की पुण्याचं प्रायव्हेट? इथं सगळे बिल्डिंग बघतात. २०२४ ला एकदम दहा नवीन कॉलेजं झाली, जालना, हिंगोली, वाशीम, बुलडाणा, भंडारा, गडचिरोली, अमरावती, नाशिक, अंबरनाथ आणि मुंबईत एक, मिळून ९०० जागा. त्याच्या आधीच्या तीन-चार वर्षांतली पण बरीच आहेत, सिंधुदुर्ग, अलिबाग, सातारा, नंदुरबार, धाराशिव, परभणी. यातल्या कुठंही गेलात तर पहिल्यांदा मन खट्टू होईल. कुठं लेक्चर हॉल जिल्हा रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर, कुठं होस्टेल भाड्याच्या इमारतीत, लायब्ररीत खुर्च्या आहेत तर पुस्तकं यायचीत. शिक्षक कमी, इन्स्पेक्शन आलं की दुसऱ्या जिल्ह्यातून डेप्युटेशनवर माणसं येतात, मी स्वतः दोनदा असा गेलोय. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण डॉक्टर तयार होतो तो वॉर्डात, आणि वॉर्ड पेशंटनं भरावा लागतो. तुम्ही कॉलेज बघायला जाल तेव्हा डीनचं ऑफिस बघू नका, सोमवारी सकाळी साडेनऊला केस पेपरच्या खिडकीवर जाऊन उभे राहा. लाईन गेटच्या बाहेर गेलीय का? बाळंतपणाच्या वॉर्डात एका कॉटवर दोन जणी आहेत का? हे वाईट आहे, पेशंटच्या दृष्टीनं लाज वाटावी असंच आहे, पण शिकणाऱ्यासाठी तिथंच सगळं आहे. जिल्हा स्त्री रुग्णालय जोडलेल्या कॉलेजातला इंटर्न जितकी बाळंतपणं हातानं करतो तितकी चकचकीत प्रायव्हेटमधला लांबून बघतो. प्रायव्हेट सगळी वाईट असं म्हणत नाही, काही जुनी ट्रस्टची कॉलेजं उत्तम आहेत, पेशंटही भरपूर असतात. म्हणून तिथं पण तीच परीक्षा घ्या, खिडकीवर उभं राहायची. ससून, केईएम, नागपूरचं मेडिकल, संभाजीनगरची घाटी यांचं नाव का आहे? इमारती जुनाट आहेत, नाव आहे ते गर्दीमुळं. अंबाजोगाईचं उदाहरण तर तुमच्या जवळचंच, गाव केवढं आणि तिथनं शिकून गेलेले डॉक्टर कुठं कुठं पोचलेत.

आणि पहिल्या वर्षी हॉस्पिटलचा तसा संबंध कमीच येतो. ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री, बास. तिला वॉर्ड लागेपर्यंत नवीन कॉलेजची घडी थोडी बसलेली असते. रिपीटचं एवढंच सांगतो, हातातली गव्हर्नमेंट सीट सोडून निव्वळ शहर बदलण्यासाठी रिपीट करणारी पोरं मी बघितलीत, त्यातली काही परत माझ्याच समोर येऊन बसलीत, एक वर्ष उशिरा.

आता टिकेल का.

पहिल्या आठवड्यात फाउंडेशन कोर्स वगैरे होतो, पांढरे ॲप्रन घालून फोटो होतात, घरी व्हॉट्सॲपवर जातात. मग डिसेक्शन हॉल. देहदान केलेल्यांपुढं आधी शपथ घेतो आम्ही, सगळे शांत असतात. नंतर फॉर्मलिननं डोळ्यांतून पाणी यायला लागतं आणि मागून कुणीतरी बाहेर पळतं, बहुतेक वेळा धिप्पाड मुलगा. ग्लोव्ह्ज घातले तरी वास बोटांना राहतोय असं वाटतं, पहिले तीन-चार दिवस मेसमध्ये हातानं जेवत नाहीत, चमचा मागतात. दुसऱ्या आठवड्यात त्याच टेबलाशी उभं राहून रात्रीच्या मॅचवर बोलतात. सवय होते, तुम्ही काळजी करू नका.

त्रास होतो तो पहिल्या टर्मिनलला, म्हणजे कॉलेजच्या सत्र परीक्षेला. ही सगळी पोरं आपापल्या तालुक्यात पहिली आलेली असतात, इथं दीडशेत एकशेविसावी येतात, आणि आयुष्यात पहिल्यांदा नापास होतात. नीटला चारातला एक गोल काळा करायचा होता, इथं पान पान लिहायचं, आकृती काढायची, आणि समोर बसून तोंडी सांगायचं, तेही इंग्रजीत. मराठी मीडियमची पोरं इथं गप्प होतात. येत असतं, पण वाक्य जुळत नाही म्हणून 'सॉरी सर' म्हणून उठतात. काही वर्षांपूर्वी एक मुलगी अशीच गप्प बसलेली, मी पटेला हातात दिला, म्हणजे गुडघ्याची वाटी, आणि विचारलं कुठल्या बाजूचा. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, वाटीचं टोक पुढं करून ती टेबलावर ठेवली आणि हात काढला. हाड उजवीकडं कललं. उजवा. वाटीचा बाहेरचा भाग मोठा असतो, म्हणून ती ज्या पायाची तिकडंच पडते, हे तिला पक्कं माहीत होतं, शब्दच नव्हता. मी म्हटलं मराठीत सांग. धडाधड सांगितलं. मग म्हटलं आता तेच इंग्रजीत, चुकलं तरी चालेल. टर्मिनल-प्रिलिमला आम्ही हे करून घेतो, युनिव्हर्सिटीपर्यंत जमतं. पण मुलीला सांगा, रोज रात्री रूममेटसमोर एक प्रश्न मोठ्यानं बोलायचा, पुस्तक मिटून. लिहून पाठ करण्यापेक्षा याचा जास्त उपयोग होतो. हिस्टोलॉजीचं, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायच्या पेशीजालांचं जर्नल मात्र पोरांना आवडतं, गुलाबी आणि जांभळी पेन्सिल घेऊन तासन्‌तास स्लाईड रंगवत बसतात.

हजेरीकडं लक्ष द्यायला सांगा. थिअरीला ७५, प्रॅक्टिकलला ८० टक्के, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही, मग डीनच्या दारात पालक उभे. पहिलं वर्ष पास व्हायला जास्तीत जास्त चार संधी, सगळा कोर्स नऊ वर्षांत. ऐकायला भरपूर वाटतात, पण एकदा रिपीटर बॅचला गेलं की मित्र पुढं निघून जातात, ते जास्त लागतं पोरांना.

दुसऱ्या वर्षापासून वॉर्ड सुरू झाला की चित्र फिरतं, हे मी दरवर्षी बघतो. ऑल इंडियातून आलेली राजस्थान-केरळ-हरियाणाची हुशार पोरं पेशंटपुढं उभी राहतात आणि आजीबाई म्हणते, पोटात कळ मारतीय. आता कळ वेगळी, मुरडा वेगळा, ठणका वेगळा, चमक वेगळी, आग पडणं वेगळं. आपल्याकडं दुखण्याला जेवढे शब्द आहेत तेवढी तर निदानंच आहेत, कळ म्हटलं की आतडं नाहीतर मूतखडा डोक्यात यायला हवा, ठणका म्हटलं की कुठं पू झालाय का बघायला हवं. हे तुमच्या मुलीला कुणी शिकवायला नको. तेव्हा इंग्लिश मीडियमची पोरं तिला हाका मारतात, ए जरा इकडं ये, काय म्हणतायत बघ ना. शिवाय खेड्यातल्या काही कुटुंबांकडं पाळीपाळीनं जायचं असतं, फॅमिली ॲडॉप्शन म्हणून, बीपी बघणं, लसीकरण विचारणं. तिथं ओट्यावर बसून चहा घ्यायला शहरातल्या पोरांना धीर लागतो, ती आधीच बसलेली असेल.

रॅगिंग. पूर्वी होतं, आमच्या वेळेला तर फार होतं. आता राज्याचा १९९९ चा कायदा आहे, ॲडमिशनलाच अंडरटेकिंग घेतात, होस्टेल वेगळी ठेवायचा प्रयत्न असतो. पूर्ण बंद झालंय असं मी लिहिणार नाही. सिनियरनं नाव-गाव विचारलं, गाणं म्हणायला लावलं इथपर्यंत पोरंच हसण्यावारी नेतात, पण रात्री रूमवर बोलावणं, जर्नल लिहायला लावणं, अंगाला हात, पैसे मागणं, यातलं काही झालं की त्याच दिवशी १८००-१८०-५५२२ ला फोन, नाव न सांगता पण तक्रार होते. पोरं घरी सांगत नाहीत, हा खरा घोळ. तिला आत्ताच सांगून ठेवा की सांगितलंस तर आम्ही कॉलेज सोड म्हणणार नाही. आणि एक उलटं पण खरं, पहिल्या वर्षी बोन सेट, जुनी पुस्तकं, कुठला एक्झामिनर काय विचारतो हे सगळं सिनियरच देतात, त्यांच्याशी तोडूनही चालत नाही.

साडेचार वर्षांनंतर एक वर्ष इंटर्नशिप, स्टायपेंड २०२४ पासून महिना १८ हजार. त्यानंतर गव्हर्नमेंटवाल्यांना एक वर्ष बाँड, म्हणजे सरकारी दवाखान्यात सक्तीची नोकरी. लोक बाँडला घाबरतात, मी म्हणतो करावा. ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता एकटं असताना साप चावलेला माणूस येतो, ते एक वर्ष पुढं कुठंही उपयोगी पडतं.

आता तुम्ही काय करायचं ते एवढंच. आज रात्री मुलीची व्हॅलिडिटी, जातीचा दाखला आणि बारावीची मार्कशीट शेजारी शेजारी ठेवा आणि तिन्हीवरचं नाव अक्षर न् अक्षर वाचा, वडिलांचं नाव, आडनाव, इंग्रजी स्पेलिंगसकट. कुठं एक 'ए' जास्त असला तरी मला कळवा, कुठलं ॲफिडेव्हिट लागेल ते सांगतो, आणि सेंट्रलच्या दाखल्यासाठी सोमवारीच तहसीलला जा, राउंड सुरू झाले की तिथं पाय ठेवायला जागा नसते.